जीव न घेता शिकविणारी चित्रे

ॲनिमेशन हा शब्द ऐकला की बहुतेक घरांत लहान मुलांची कार्टून मालिका आठवते. मुलाने चार घास मुकाट्याने खावेत म्हणून मोबाइलवर लावून दिली जाते ती, किंवा दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर दिवसभर चालू असते ती. त्यामुळे ॲनिमेशन म्हणजे वेळ घालविण्याचे साधन, अशी समजूत पक्की झाली आहे. वस्तुतः करमणूक हा या कलेचा एक उपयोग झाला. तिचे दुसरे उपयोग अधिक मोलाचे आहेत आणि त्यांतील काही तर जैन कुटुंबांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहेत.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन शेजारी तालुके. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. या परिसरात महाविद्यालये आहेत, रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहती आहेत आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या उसाच्या शेतांत बिबट्याही आहे. प्रयोगशाळा, कारखाना आणि शेताचा बांध या तिन्ही ठिकाणी काही गोष्टी अशा असतात, की त्या शिकविणे अत्यावश्यक असते. परंतु प्रत्यक्ष दाखवून शिकवायच्या म्हटल्या तर कोणाचा तरी जीव जातो किंवा धोक्यात येतो. अशा ठिकाणी हलते चित्र कामी येते.

'ॲनिमेशन' या शब्दाच्या मुळाशी 'ॲनिमा' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ श्वास, प्राण. नवतत्त्वांची गणना जीव आणि अजीव यांपासून सुरू होते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. कागदावरची रेघ ही अजीवच. परंतु थोड्या थोड्या फरकाची २४ चित्रे एका सेकंदात डोळ्यांपुढून सरकली, की ती रेघ चालू लागते, श्वास घेऊ लागते. दहा मिनिटांच्या चित्रपटाला या हिशेबाने १४,४०० चौकटी लागतात. एवढे कष्ट केवळ हसविण्यासाठी खर्ची घालावेत, असे या कलेच्या पहिल्या भारतीय साधकालाही वाटले नव्हते.

कर्जासाठी उगवलेले रोप

तो साधक म्हणजे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या या गृहस्थांनी चित्रपट काढण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्यापाशी कौशल्य होते, भांडवल नव्हते. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी १९१२ साली लंडनची वारी केली, यंत्रसामग्री मागविली आणि ते परत आले. पुढचा प्रश्न पैशाचाच होता. हलती चित्रे हा धंदा होऊ शकतो, यावर सावकारांचा विश्वास बसेना.

फाळके यांनी तेव्हा एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. महिनाभराहून अधिक काळ हे व्रत चालले. ती फीत पडद्यावर दाखविली, तेव्हा दाण्यातून कोंब फुटून रोप वर आलेले काही क्षणांत दिसले. 'अंकुराची वाढ' या नावाने ही फीत ओळखली जाते. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ती पाहिली आणि कर्ज देण्याची तयारी दर्शविली. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

बँकिंगच्या भाषेत सांगायचे, तर वाटाण्याचे ते रोप हा कर्जाच्या अर्जासोबत जोडलेला प्रकल्प अहवाल होता. शब्दांनी जे पटत नव्हते ते चित्राने पटविले. रोप वाढते हे प्रत्येकाला ठाऊक असते, परंतु वाढताना ते कोणी पाहिलेले नसते. डोळ्यांना न दिसणारे सत्य दिसेल अशा वेगाने समोर ठेवणे, हा ॲनिमेशनचा पहिला गुण त्या फितीत पूर्णपणे प्रकट झाला होता. १९१५ साली फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' हा काड्यापेटीतील काड्यांचा लघुपटही केला. तो मात्र नावाप्रमाणे मौजेचाच होता.

सरकारी लघुपट आणि मीना

स्वातंत्र्यानंतर हे साधन लोकशिक्षणासाठी वापरावे, हा विचार सरकारदरबारी झाला. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून फिल्म युनिट सुरू झाले. डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स हे जाणकार भारतीय चित्रकारांना ही कला शिकविण्यासाठी येथे आले. या विभागाची १९५७ सालची आरंभीची कृती म्हणजे 'द बनियन डियर'. तिचे कथानक जातककथेतील आहे. राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एका हरणाने पाळीपाळीने मरावयाचे असते. एके दिवशी पाळी गाभण हरिणीची येते, तेव्हा कळपाचा नायक तिच्याऐवजी स्वतःची मान पुढे करतो. राजाचे मन पालटते आणि सर्वच प्राण्यांना अभय मिळते. कथा बौद्ध परंपरेतील असली, तरी तिचा आशय जैन घरांना परका नाही.

त्या काळी चित्रगृहात मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट दाखविण्याचा नियम होता. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने लसीकरण, कुटुंबनियोजन, बचत यांविषयीची हलती चित्रे अशीच पाहिली. त्याच परंपरेतील 'एक अनेक और एकता' हा विजया मुळे यांचा १९७४ सालचा चित्रपट दूरदर्शनवर वारंवार दाखविला गेला आणि देशभरातील मुलांच्या तोंडी बसला.

या विभागात तयार झालेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरले. १९९० हे वर्ष सार्क राष्ट्रांनी बालिका वर्ष म्हणून पाळले आणि त्यानंतर युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींसाठी एक मालिका योजिली. तिची नायिका म्हणजे मीना. तिचे रूप राम मोहन यांच्या देखरेखीखाली साकारले. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा कोणत्याही देशातील खेड्यात ती आपलीच मुलगी वाटावी, असा तिचा चेहरा आणि पोशाख विचारपूर्वक ठरविण्यात आला. मीनाला शाळेत पाठवीत नाहीत, तेव्हा तिचा मिठू पोपट शाळेतील पाढे ऐकून येतो आणि तिला शिकवितो. त्या गणिताच्या बळावर ती कोंबड्या मोजते आणि चोरी उघडकीस आणते. दुसऱ्या भागात आंब्याची मोठी फोड भावाला का, असा प्रश्न ती विचारते. बहीणभाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात, तेव्हा मीना किती राबते हे राजूला कळते.

हे व्याख्यानाने सांगितले असते, तर कोणत्याही आजीला किंवा वडिलांना ते स्वतःवरील आरोपासारखे लागले असते. चित्रातली मुलगी कोणाच्याही घरची नसते, म्हणून तिचा प्रश्न प्रत्येकाला ऐकून घेता येतो. आरोप न करता दोष दाखविणे हा ॲनिमेशनचा दुसरा गुण होय.

बेडकाची सुटका

तिसरा गुण मात्र जैन समाजाच्या अगदी निकटचा आहे. एका पिढीपूर्वी अनेक जैन घरांत दहावीनंतर एक ठरलेला संवाद होत असे. मुलगी हुशार आहे, गुण उत्तम आहेत, डॉक्टर व्हावे असे तिला वाटते. पण जीवशास्त्र घेतले तर बेडूक कापावा लागेल. मग वाणिज्य शाखा घेतली जाई. कोणी मन घट्ट करून विज्ञान शाखेत गेलेच, तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी घरी काय सांगावे, हा प्रश्न असे. शेजारच्या टेबलावर दुसऱ्याने कापले आणि आपण नुसते पाहिले, तरी मन स्वस्थ बसत नसे. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार ज्या घरात लहानपणापासून शिकविला जातो, तेथे 'मी फक्त पाहिले' हे उत्तर पुरेसे ठरत नाही. वरातीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिनाथांनी रथ मागे फिरविला, ती कथा ऐकत मोठे झालेल्या मुलांची ही घालमेल होती. किती मुलामुलींनी या एका कारणासाठी आवडीचा मार्ग सोडला, याची मोजदाद कोठेही झालेली नाही.

हिशेब साधा होता. समजा, एका तुकडीत ६० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाला वर्षात फक्त दोन बेडूक दिले. दहा वर्षांत एका महाविद्यालयाच्या एका तुकडीसाठी १,२०० बेडूक लागले. महाविद्यालये किती, हे देशाचा नकाशा पाहून ज्याचे त्याने ठरवावे. बेडूक हा पिकांवरील कीटक खाणारा शेतकऱ्याचा सोबती. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, त्यामागे हाही विचार होता. निर्यात थांबली, प्रयोगशाळेतील मागणी मात्र चालूच राहिली.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कायद्याने यावरचा उपाय फार पूर्वीच सुचविला होता. राज्यसभेच्या सदस्या आणि नामवंत नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत लावून धरलेल्या प्रयत्नांतून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या १७ व्या कलमात असे तत्त्व सांगितले आहे, की जेथे पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांसारख्या साधनांनी शिक्षणाचे काम तितकेच चांगले होत असेल, तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. तसेच केवळ हाताला सवय व्हावी म्हणून असे प्रयोग शक्यतो करू नयेत. चित्रपटाचा उल्लेख १९६० सालच्या कायद्यात आहे. उणीव होती ती 'तितकेच चांगले' काम करणाऱ्या चित्रांची.

ती उणीव संगणकाने भरून काढली. चेन्नईच्या ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया या प्राणिमित्र संस्थेने 'कॉम्प्युफ्रॉग' नावाचा कार्यक्रम तयार करवून घेतला. त्यात पडद्यावरील बेडकाची त्वचा, स्नायू, हृदय, रक्तवाहिन्या असे एकेक थर उलगडून पाहता येतात. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेच्या औषधशास्त्र विभागातून 'एक्स-फार्म' हे सॉफ्टवेअर पुढे आले. सशाच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकला तर बाहुली लहान होते की मोठी, कुत्र्याच्या रक्तदाबावर कोणत्या औषधाचा काय परिणाम होतो, हे प्रयोग त्यात पडद्यावर करता येतात. विद्यार्थी औषध निवडतो, मात्रा ठरवितो, आलेख पाहतो आणि चुकला तर पुन्हा आरंभ करतो. खऱ्या सशाच्या बाबतीत चुकीला अशी माफी नसते.

यानंतर नियम बदलू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ साली प्राणिशास्त्र व जीवशास्त्राच्या पदवी तसेच पदव्युत्तर वर्गांतील विच्छेदन पूर्णतः थांबविण्यास सांगितले. त्याच सुमारास एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्र यांच्या प्रात्यक्षिकांसाठी संगणकीय नमुन्यांना मान्यता मिळाली. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या बी.फार्म. अभ्यासक्रमातही प्राण्यांवरील प्रयोग सॉफ्टवेअर आणि ध्वनिचित्रफितींच्या साहाय्याने दाखवावेत, असे नमूद आहे. शालेय मुलांसाठी सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठम यांनी मिळून उभारलेल्या 'ओलॅब्स' या उपक्रमात विज्ञानाचे प्रयोग संगणकावर करता येतात आणि ते मराठीतही आहेत.

शिरूरच्या कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालयाला चांदमल ताराचंद बोरा यांचे नाव आहे. शिरूर असो वा दौंड, आज विज्ञान शाखेत प्रवेश घेणाऱ्या जैन मुलीपुढे तिच्या आत्याला किंवा मावशीला पडलेला प्रश्न त्या स्वरूपात उभा राहत नाही. हा बदल निःशब्दपणे झाला, म्हणून त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. घरातील वडीलधाऱ्यांना तो ठाऊक नसेल, तर जुन्या भीतीपोटी नव्या मुलीचा मार्ग अजूनही अडविला जाऊ शकतो.

अर्थात या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पडद्यावरील बेडूक हा नेहमी पाठ्यपुस्तकातल्यासारखा नीटनेटका असतो. खरे शरीर तसे नसते. त्यात रक्तवाहिनी थोडी इकडे, नस थोडी तिकडे असते. शल्यचिकित्सकाच्या हाताला जी जाण यावी लागते, ती केवळ माऊस फिरवून येत नाही. म्हणूनच वैद्यकीय महाविद्यालयांत मानवी देहाचे विच्छेदन आजही आवश्यक मानले जाते. मात्र तो देह कोणाचा जीव घेऊन मिळविलेला नसतो. कित्येकदा देहदानाचा संकल्प करणाऱ्याने तो स्वेच्छेने दिलेला असतो. जेथे चित्र पुरते तेथे चित्र, आणि जेथे पुरत नाही तेथे स्वेच्छेचे दान, अशी ही विभागणी विवेकाला पटणारी आहे.

न दिसणारा वायू

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे वळले, की येथे धोक्यात असतो तो माणसाचा जीव. दौंड तालुक्यातील कुरकुंभ ही रासायनिक उद्योगांची वसाहत. तेथे आगीच्या घटना पूर्वी घडल्या आहेत आणि त्या परिसराची भीती अनाठायी नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या वसाहतीत मोठमोठी यंत्रे अहोरात्र चालतात. दोन्ही ठिकाणी काम करणारे हात मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा अनेक भागांतून आलेले असतात. भिंतीवरची मराठी किंवा इंग्रजी सूचना त्यांतील कित्येकांना वाचता येत नाही. शिवाय वाचता आली, तरी 'टाकीत उतरू नये' या तीन शब्दांतून मृत्यू दिसत नाही.

बंद टाकी, सांडपाण्याचा हौद, मळीची टाकी किंवा जुनी विहीर यांत हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू तळाशी साचतो, कारण तो हवेपेक्षा जड असतो. त्याला रंग नाही. सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा; परंतु प्रमाण वाढले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते आणि धोका टळला असे वाटू लागते. पहिला माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा धावतो, मग तिसरा. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेले सहकारी, कित्येकदा एकाच घरातील भाऊ, पाठोपाठ जातात. त्यांची माया खोटी नसते. समोर काय आहे ते त्यांना दिसत नसते.

ॲनिमेशनला हे दाखविता येते. टाकीचा उभा छेद, तळाशी हिरव्या रंगाने दाखविलेला वायू, शिडीवरून उतरणाऱ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, मग नाकापर्यंत चढत जाणारा तो हिरवा रंग. एका मिनिटाचे हे चित्र, भाषेविना, पाटण्याहून आलेल्या मजुरालाही कळते आणि पाटसच्या शेतकऱ्यालाही. त्यानंतर वायू मोजण्याचे यंत्र, बाहेर दोर धरून उभा असलेला सोबती, श्वसनाचा मुखवटा ही नियमावली त्याला जाचक वाटत नाही. तिचे कारण त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

अमेरिकेतील केमिकल सेफ्टी बोर्ड ही सरकारी संस्था औद्योगिक अपघातांची चौकशी करते आणि आपले निष्कर्ष ॲनिमेशनच्या रूपाने जगापुढे विनामूल्य ठेवते. टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ कामगार मृत्युमुखी पडले आणि १८० जण जखमी झाले. त्या चित्रफितीत एक उंच मनोरा द्रवाने गरजेपेक्षा अधिक भरत जाताना दिसतो, त्याच वेळी मोजणी करणारे उपकरण पातळी उतरत असल्याचे सांगत असते. पुढे द्रव उसळून बाहेर पडतो, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि पेटते. मृत कामगारांपैकी कोणीही ही साखळी अशी पाहू शकला नव्हता. कुरकुंभ काय किंवा जगातील कोणतीही रासायनिक वसाहत काय, तेथील नव्या अभियंत्याला ती आज अभ्यासता येते. दुसऱ्याच्या दुःखातून शहाणपण घ्यायचे, तर ते दुःख पुन्हा न घडविता घेता आले पाहिजे.

उसाच्या कडेला

२०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचाही बळी गेला. लोकांचा क्षोभ झाला आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. मुलाचा जीव आणि प्राण्याचा जीव, दोन्ही गेले. अहिंसेवर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही ही बातमी दुहेरी बोचणारी होती.

बिबट्या कसा वावरतो, हे त्याच्या शेजारी राहणाऱ्यांनाही क्वचितच दिसते. २००९ साली शेजारच्या पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि वनविभाग यांच्या या अभ्यासात 'आजोबा' या नावाने प्रसिद्ध झालेला तो बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत शेते, वस्त्या, रेल्वेमार्ग होते. त्याने कोणाला इजा केली नाही. नकाशावर ते बिंदू क्रमाने उमटवीत गेले, की न दिसणाऱ्या जनावराचा मार्ग डोळ्यांपुढे चालू लागतो. हेही एक ॲनिमेशनच.

शाळेतील मुलांना हा धडा प्रत्यक्ष देता येत नाही. बिबट्याची रंगीत तालीम होत नसते. परंतु वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान सावजासारखा का भासतो, अंधार पडल्यावर मुलांनी एकटे का जाऊ नये, बॅटरी आणि बोलण्याचा आवाज का उपयोगी पडतो, गोठा चारही बाजूंनी बंद का हवा, हे दोन मिनिटांच्या चित्रात जिल्हा परिषदेच्या शाळेतील पहिलीच्या मुलालाही समजू शकते. बिबट्याच्या नजरेच्या उंचीवरून शेत कसे दिसते, हे कॅमेऱ्यापेक्षा कुंचला सहज दाखवितो. भीती घालण्याऐवजी सवय लावणारे असे चित्र माणसालाही वाचविते आणि त्या मुक्या जनावरालाही.

चित्रावर किती भिस्त ठेवावी

ज्या साधनाने न दिसणारे सत्य दिसते, त्याच साधनाने नसलेली गोष्टही दिसू शकते. पोटात गेलेली गोळी चरबी वितळविताना दाखविणारी जाहिरात हे ॲनिमेशनच असते. पैसे तिप्पट करून देणाऱ्या योजनेच्या चित्रफितीत सोन्याची नाणी पडत असतात आणि बाण वर चढत असतो. तो बाण कोणीतरी काढलेला असतो, हे विसरू नये. चढता बाण हा ताळेबंद नव्हे. हल्ली तर ओळखीच्या माणसाचा चेहरा आणि आवाज संगणकावर घडवून पैसे मागितले जातात. अशा प्रसंगी फोन ठेवून त्या व्यक्तीला तिच्या नेहमीच्या क्रमांकावर विचारावे आणि फसवणूक झालीच तर १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

खऱ्या उपयोगाच्या चित्राची पारख फारशी कठीण नाही. ते कोणी केले हे त्यात सांगितलेले असते, त्यातील माहिती दुसरीकडे पडताळता येते आणि ते पाहणाऱ्याला शिकविते, काही विकत नाही.

घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढून पाने भराभर उलटत बसत असेल, तर 'हे काय चाळे' असे म्हणण्याची घाई करू नये. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प विद्यालयात ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. 'ब्लेंडर' नावाचे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य घेता येते. २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळविणारा लाटव्हियाचा 'फ्लो' हा चित्रपट त्याच सॉफ्टवेअरवर तयार झाला. शिरूर-दौंडच्या टाकीतील वायू, उसातील बिबट्या आणि पडद्यावरील बेडूक यांची मराठी चित्रे अजून फार थोडी आहेत आणि ती हवी आहेत. जो ती काढील, त्याच्या हातून किती जीव वाचले हे त्याला कधी कळणार नाही. जीवदयेच्या बहुतेक कामांचे असेच असते.